सिंथेटिक की साधं? ऑइलचा डबा विकण्याआधीचे तीन प्रश्न



मागच्या व्हिडिओत ऑइलचा हिशेब मी फळ्यावर पटापट मांडला आणि पुढं गेलो. ज्यांना स्पेअर पार्टचं दुकान, वॉशिंग सेंटर किंवा छोटं गॅरेज टाकायचंय, त्यांना तो नीट लिहून हवा असणार. म्हणून आज निवांत लिहितो. पण सुरुवात हिशेबानं नाही, माझ्या चुकीनं करतो. बीबीएच्या तीन वर्षांच्या फीपेक्षा ती मला महाग पडलीय.

माझं दुकान पन्हाळ्याच्या पायथ्याला, रस्त्याकडेला. दुकानाचं दुसरं वर्ष होतं. कंपनीची स्कीम आलेली, अमुक डबे फुल्ली सिंथेटिक उचला, अमुक टक्के जादा सूट. मी उचलले. आता उचलले म्हणजे खपवायला पाहिजेत. त्याच आठवड्यात वडापची जीप चालवणारे एक मामा आले. जुनी डिझेल जीप, टर्बो नाही, किलोमीटरचा मीटर कधीच बंद पडलेला. त्यांनी नेहमीचं १५डब्ल्यू-४० मागितलं. मी म्हटलं, "मामा, ते जुनं झालं आता. हे घाला, इंजिन लोण्यासारखं चालंल." आणि ५डब्ल्यू-३० फुल्ली सिंथेटिक त्यांच्या गळ्यात मारलं. निम्मे पैसे रोख, निम्मे उधार.

तीन आठवड्यांनी मामा आले. गाडी रस्त्यावर चालूच ठेवून खाली उतरले आणि म्हणाले, "पोरा, तुझं ऑइल प्याया लागलीय ही. आन् गडावर चढून थांबलो की लाल दिवा लुकलुकतोय."

लाल दिवा म्हणजे ऑइल प्रेशरचा. झिजलेल्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात. तिथं पातळ ऑइल, त्यात घाट चढून तापलेलं. गाडी आयडलवर आली की प्रेशर पडायचं. रिंगा झिजलेल्या, त्यामुळं ऑइल वर जाऊन जळायचं. मी ते ऑइल काढून स्वतःच्या खर्चानं १५डब्ल्यू-४० घालून दिलं आणि उरलेली उधारी सोडली. तरी दोन दिवस जीप उभी राहिली, वडापवाल्याला त्या दोन दिवसांची मिळकत बुडाली. स्टँडवर बातमी गेली ती वेगळीच: सिंथेटिक घातलं की इंजिन जातं, आणि त्या पोराच्या दुकानात ऑइल घेऊ नका. दुसरी गोष्ट मला लागू होती. पहिली चूक होती. मुळात गोंधळ कुठं झाला हे ना स्टँडला कळलं होतं, ना तेव्हा मला.

गोंधळ असा. ऑइलच्या डब्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि गिऱ्हाईक, मेस्त्री, दुकानदार सगळे मिळून त्यांची खिचडी करतात. एक, ऑइल किती जाड किती पातळ. दोन, ते कुठल्या दर्जाची परीक्षा पास झालंय. तीन, ते कशापासून बनवलंय. सिंथेटिक की साधं हा प्रश्न तिसरा आहे. आपण तो पहिला विचारतो. मामांच्या जीपमध्ये चूक सिंथेटिकची नव्हती, पातळपणाची होती. १५डब्ल्यू-४० सिंथेटिकमध्येही येतं, ते घातलं असतं तर फार तर मामांचे पैसे जादा गेले असते.

पहिला प्रश्न: जाड की पातळ?

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम इंजिनातला. हे आकडे एसएई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेनं ठरवून दिलेत. ५डब्ल्यू ऑइलमध्ये इंजिन फिरतं का ही चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर, २०डब्ल्यूची उणे १५ वर. आता आपल्याकडं पारा १० अंशांच्या खाली जाणं विरळाच. परदेशी व्हिडिओ बघून "थंडीत स्टार्टिंगला सिंथेटिकच पाहिजे" असं गिऱ्हाइकाला सांगू नका. काश्मीरला माल विकत असाल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडं फायदा एवढाच की पहाटे स्टार्टर मारल्यावर पातळ ऑइल वरच्या भागापर्यंत लवकर पोचतं. फायदा खरा आहे, पण छोटा आहे.

आपल्याला जास्त महत्त्वाचा दुसरा आकडा, २०, ३०, ४० की ५०. तो १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. नव्या पेट्रोल गाड्यांत बेअरिंगच्या फटी बारीक असतात, मायलेजही वाढवायचं असतं, म्हणून कंपन्या ०डब्ल्यू-२० सारखी पातळ ऑइलं सांगतात. त्यात कुणी "आपल्या घाटाला जाडच पाहिजे" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं तर मायलेज पडतं आणि बारीक वाटांतून ऑइल उशिरा पोचतं. जुन्या जीपमध्ये पातळ घालणं जेवढं चूक, तेवढंच नव्या गाडीत जाड घालणं चूक. आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात छापलेला असतो. पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांचं मॅन्युअल मोबाईलवर फुकट मिळतं. काउंटरवर उभ्या उभ्या दोन मिनिटांत उघडता येतं.

दुसरा प्रश्न: दर्जा कोणता?

इथं दुकानदार सगळ्यात जास्त फसतो, कारण ही अक्षरं बारीक छापलेली असतात. पेट्रोल गाड्यांसाठी एपीआयची एस पासून सुरू होणारी मालिका आहे: एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. डिझेलसाठी सी पासून: सीआय-४, सीके-४ वगैरे. पेट्रोल मालिकेत नवं जुन्याच्या जागी चालतं, जुनं नव्याच्या जागी नाही. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगावर जोर देताना इंधन वेळेआधीच पेटतं आणि पिस्टनला दणका बसतो. एसपी दर्जात त्याविरुद्धची चाचणी आहे. टर्बो पेट्रोल गाडी घेऊन घाट चढणाऱ्या माणसाला जुन्या दर्जाचं ऑइल स्वस्तात देणं म्हणजे त्याचं नुकसान आहे, मग ते सिंथेटिक का असेना.

डिझेलवाल्यांसाठी याहून मोठी गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी आली, डीपीएफ. काजळी अडकते, गाडी ती अधूनमधून जाळून टाकते. पण ऑइलमधल्या धातूच्या घटकांची जी राख होते ती जळत नाही, जाळीतच साठत राहते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए सी२, सी३ असं काही लिहिलेलं. शेजारच्या ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल बीएस-६ पिकअपमध्ये ओतणारे लोक मी पाहिलेत. गाडी लगेच बंद पडत नाही, हाच धोका. सहा-आठ महिन्यांनी डॅशबोर्डवर दिवा लागतो, डीपीएफचं बिल हजारांत येतं आणि तोपर्यंत ऑइल कुठनं घेतलं ते कुणाच्या लक्षात नसतं. ज्याच्या लक्षात असतं तो तुमच्याकडं पुन्हा येत नाही.

जाता जाता एक. दुचाकीत कारचं ऑइल घालू देऊ नका. बहुतेक बाईकमध्ये क्लच ऑइलातच बुडालेला असतो, कारच्या ऑइलनं तो घसरतो. बाईकच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ बघायचं. "ऑइल ते ऑइल" म्हणणारा माणूस रोज एक तरी येतोच.

तिसरा प्रश्न: आता बोला, सिंथेटिक की साधं?

साधं म्हणजे मिनरल ऑइल. कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल काढल्यावर राहिलेल्या जड भागातून बेस ऑइल काढतात. आपल्याकडं मुंबईला माहूलच्या एचपीसीएल रिफायनरीत हे काम होतं. त्यात ॲडिटिव्ह मिसळले की इंजिन ऑइल तयार. या बेसमध्ये लहानमोठे सगळ्या मापांचे रेणू असतात. हलके रेणू तापल्यावर उडून जातात, काही रेणू हवेशी लागून लवकर खराब होतात आणि काळा चिकट गाळ धरतो. सिंथेटिकमध्ये रेणू जवळपास एका मापाचे करून घेतलेले असतात. म्हणून ते कमी उडतं, कमी सडतं, जास्त उष्णतेत दाटपणा टिकवतं.

पण "सिंथेटिक" हा शब्द किती लवचीक आहे ते दुकानदाराला माहीत पाहिजे. पूर्वी हा शब्द मुख्यतः रसायनांपासून जुळवून बनवलेल्या बेसला वापरायचे. मग कॅस्ट्रॉलनं अमेरिकेत आपल्या सिंथेटिकमध्ये कच्च्या तेलापासूनच पण खूप प्रक्रिया करून काढलेला बेस वापरला. मोबिलनं जाहिरातीविरुद्ध तक्रार केली. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या संस्थेनं कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला. तेव्हापासून असा बेस बिनधास्त सिंथेटिक म्हणून विकला जातो, जर्मनीसारख्या देशात मात्र नियम कडक आहेत. माल वाईट असतो असं मी म्हणत नाही, चांगलाच असतो. पण "हे लॅबमध्ये बनवलेलं शंभर टक्के" असं गिऱ्हाइकाला छातीठोक सांगू नका. आणि सेमी सिंथेटिकमध्ये सिंथेटिक नेमकं किती, हे बहुतेक डब्यांवर लिहिलेलंच नसतं.

मग सिंथेटिक कुणाला? ज्या गाडीचं पुस्तक सांगतं तिला, टर्बोवाल्या गाडीला, रोज लांब पळणाऱ्या किंवा भरलेली गाडी घेऊन घाट चढणाऱ्याला. कोल्हापुरातून पन्हाळा २० किलोमीटरवर आणि हजार फुटांहून जास्त उंच. वाघबीळच्या पुढं गाडी खालच्या गिअरमध्ये ओढत येते, वारा कमी लागतो, ऑइल तापतं. आंबा घाटातून रत्नागिरीला माल नेणाऱ्यांचं तर रोजचंच. मॅन्युअलमध्ये "कठीण वापर" नावाचं पान असतं. त्यात डोंगरी रस्ता, धूळ, ओढकाम आणि सतत छोट्या फेऱ्या हे सगळं येतं. अशा वापरात ऑइल लवकर बदला असं तिथंच लिहिलेलं असतं. ते पान बहुतेक कुणी उघडतच नाही.

छोट्या फेऱ्यांचं लोकांना नवल वाटतं. पावसाळ्यात घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर गाडी नेली आणि आणली, तर इंजिन पूर्ण तापत नाही आणि आत धरलेलं पाणी उडून जात नाही. ऑइल ओतायच्या झाकणाखाली दुधासारखा पांढरट थर दिसतो. असा थर दिसला की आधी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग पळवून आणायला सांगा. तरीही थर आला आणि कूलंटही कमी होत असेल, तर मेस्त्रीकडं पाठवा, हेड गॅस्केटचं काम असू शकतं.

ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं, असं नाही. डिझेलमध्ये तर दोन दिवसांत काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. आणि सिंथेटिक-साधं मिसळलं तर स्फोट होत नाही. अडचणीत टॉप-अप करायला चालतं, आकडा आणि दर्जा तेवढा जुळवा.

हिशेब

खालचे भाव समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावातले भाव घालून परत करा. साडेतीन लिटर ऑइल लागणारी पेट्रोल कार. पुस्तकात दोन्ही चालतात अशी. साधं ३५० रुपये लिटर, सिंथेटिक ७५०. फिल्टर १५०, मजुरी २००.

साधं: १,२२५ अधिक ३५०, म्हणजे १,५७५ रुपये. ५,००० किलोमीटरला बदललं तर किलोमीटरला साडेएकतीस पैसे.
सिंथेटिक: २,६२५ अधिक ३५०, म्हणजे २,९७५ रुपये. १०,००० ला बदललं तर किलोमीटरला पावणेतीस पैसे.

डब्याच्या भावात दुपटीहून जास्त फरक, किलोमीटरच्या भावात पावणेदोन पैशांचा! हे गिऱ्हाइकाला कागदावर दाखवा. आता वर्षाला ४०,००० किलोमीटर पळणारा टॅक्सीवाला घ्या. साधं आठ वेळा, १२,६०० रुपये. सिंथेटिक चार वेळा, ११,९०० रुपये. वाचले ७०० रुपये, आणि गॅरेजात जाणारे चार अर्धे दिवसही वाचले. अर्ध्या दिवसाचे ८०० धरले तर ते ३,२०० वेगळे.

पण हाच टॅक्सीवाला रोज गडावर फेऱ्या मारत असेल आणि पुस्तकात कठीण वापराला ७,५०० किलोमीटर लिहिलं असेल, तर सिंथेटिक किलोमीटरला जवळपास ४० पैशांवर जातं. मग स्वस्त पडतं म्हणून विकू नका. इंजिन गरम राहतं, त्यासाठी चार पैसे जादा, असं सांगून विका. डब्यावर १५,००० किलोमीटर छापलं असलं तरी मुदत पुस्तकातलीच धरायची. वॉरंटीचा वाद झाला तर कंपनी पुस्तक बघते, डबा बघत नाही.

आणि घरची गाडी? निवृत्त गुरुजींची कार वर्षाला ४,००० किलोमीटर फिरते. किलोमीटर होवोत न होवोत, ऑइल साधारण वर्षातून एकदा बदलायचंच. तिथं साधं १,५७५, सिंथेटिक २,९७५. गुरुजींचे १,४०० रुपये उगाच जातात. पुस्तकाला साधं चालत असेल तर गुरुजींना साधंच द्या. मी देतो.

"मग तुमचं मार्जिन?" हा प्रश्न येणारच. साध्याच्या डब्यामागं समजा १७५ सुटतात, खरेदी १,०५०. सिंथेटिकमागं ४७५, खरेदी २,१५०. नवा दुकानदार ४७५ बघतो आणि कपाट भरतो. आता १२-१२ डबे आणा. साध्यात १२,६०० अडकले. महिन्याला बाराच्या बारा गेले तर सहा महिन्यांत पैसा सहा वेळा फिरला, नफा १२,६०० रुपये. सिंथेटिकमध्ये २५,८०० अडकले. महिन्याला दोन गेले तर सहा महिन्यांत एकदाच फिरला, नफा ५,७००. दुप्पट पैसा अडकवून निम्म्याहून कमी मिळकत. सिंथेटिक ठेवायचं, पण आपल्या रस्त्यावर कोणत्या गाड्या फिरतात ते बघून दोन-तीन ग्रेडचे दोन-दोन डबे. बाकी डीलरकडनं दुसऱ्या दिवशी मिळतात. मी पहिलं वर्षभर वहीत फक्त समोरून गेलेल्या गाड्या लिहायला पाहिजे होत्या. मी स्कीमची वही लिहीत बसलो.

जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा रस्ता खचला आणि गाड्या वर जायच्या बंद झाल्या. पर्यटक नाही, टॅक्सी नाही. तेव्हा माझ्या कपाटात कारची महाग ऑइलं होती. सीलबंद ऑइल नासत नाही, पण दुकानाचं भाडं ऑइल देत नाही. त्या दिवसांत दुकान चाललं ते ट्रॅक्टर, पिकअप आणि बाईकच्या साध्या डब्यांवर.

दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावा. ऑइल गिऱ्हाइकासमोर ओतलं की रिकामा डबा तिथंच फोडा किंवा भोक पाडा. अखंड डब्यांना भंगारात चांगला भाव येतो तो का, याचा विचार करा, त्यातच बनावट ऑइल भरून परत बाजारात येतं. दुसरं, काढलेलं काळं ऑइल. सेंट्रिंगच्या प्लेटांना किंवा दाराच्या लाकडाला लावायला लोक मागतात, काही जण ओढ्यात सोडतात. कायद्यानं तो घातक कचरा आहे, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडंच द्यायचा. ड्रम भरून ठेवा, पावती घ्या.

ते मामा? वर्षभर त्यांनी दुकानासमोरून हॉर्न न वाजवता जीप नेली. मग एकदा टायरचा पंक्चर काढायला थांबावं लागलं, चहा झाला, बोलणं सुरू झालं. आता त्यांच्या पोरानं बीएस-६ पिकअप घेतलीय. पहिल्या सर्व्हिसची वॉरंटीतली कामं झाल्यावर मामा ऑइलसाठी स्वतः आले. म्हणाले, "ह्याला काय घालतोस? मागल्यासारखं नको."

मी पिकअपच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. कमी राखेचं सिंथेटिकच लिहिलेलं होतं. मामांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. डब्यावरचा आकडा आणि पानावरचा आकडा त्यांनी बोट ठेवून दोनदा जुळवला. मग पोराला त्या पानाचा फोटो काढायला लावला आणि मगच पैसे मोजले. सगळे रोख.